स्वतःचं स्वतः

ब्लाऊजचे हुक एका हाताने लावता येतात. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसायचं. आधी दुखऱ्या हाताची बाही चढवायची, मग चांगल्या हाताची. काढताना उलट. हुक खालून वर लावत जायचे, कारण खालचा एक लागला की कापड ताणून धरलं जातं आणि वरचे जवळ येतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतात. बऱ्याच जणी तिसऱ्या हुकाशी रडतात. त्या वेळी मी खिडकीबाहेर बघते.

हे माझं काम आहे. हुद्दा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असा आहे, पण तो कोणी उच्चारत नाही. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये वॉचमन ‘फिजिओ’ लिहितो, गावात ‘मालिशवाली’ म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. फरक सांगायचाच तर असा, की अर्धांगवायू झालेला हात वर उचलायला फिजिओ शिकवतो. उचललेला हात कंगव्यापर्यंत कसा न्यायचा आणि केस विंचरून खाली कसा आणायचा, तिथून माझं काम सुरू होतं. दात घासणं, आंघोळ, नाडी बांधणं, चहा करणं, बटाटा चिरणं. बटाट्यासाठी पाटाला दोन खिळे उलटे ठोकायचे आणि बटाटा त्यांत खोचायचा, मग तो पळत नाही. कणीक मळायची असेल तर परातीखाली ओलं फडकं ठेवायचं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. नाडी, बाही, अंबाडा हे शब्द मी पेशंटकडून शिकले. ‘नाडी सुटली’ म्हणजे काय करायचं हे कळायला मला पहिल्या महिन्यात वेळ लागला होता आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण हे सगळं घडलं मराठीत.

या अंकासाठी मला लिहायला सांगितलं तेव्हा विषय होता, प्रत्येकाला यायलाच हव्यात अशा रोजच्या गोष्टी. मी यादी करायला बसले. गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, स्वतःची नखं कापणं, पडल्यावर जमिनीवरून उठणं. यादी लांबत गेली आणि मला ती खोटी वाटायला लागली. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपाशी कोणीतरी माणूस उभं होतं.

गॅसपाशी सावंतकाका होते. नेरूळच्या एका टॉवरमध्ये राहणारे, बंदरात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी काकूंसाठी जात होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पेशंट दोन आहेत. काका लायटर हातात घेऊन शेगडीसमोर उभे होते.

“मिस, हे आधी फिरवायचं की आधी पेटवायचं?”

आतून काकू ओरडल्या, “अहो, बाजूला व्हा तिथून! घर उडवाल.”

“मी जहाजं लावलीयेत धक्क्याला.”

“मग जहाजावर करा चहा.”

काकांनी ते मनावर घेतलं. दोन दिवसांत त्यांनी ओट्याचा आणि कपाटांचा नकाशा काढला, मापासकट. कुठल्या फळीवर कुठला डबा, डब्यात काय, चहाला किती. तो फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्याकडे बघत बघत ते वरण-भातापर्यंत पोचले. मी कौतुकाने त्याचा फोटो काढला. काकू चालायला लागल्या तेव्हा पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर तो कागद काढून टाकला. माझ्या स्वयंपाकघराला पाट्या नकोत म्हणाल्या. दीड वर्षाने काकांचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या, महिना झाला होता. इकडचं तिकडचं बोलून काकांनी विचारलं, “मिस, त्या कागदाचा फोटो आहे का हो तुमच्याकडे?”

फोन बदलताना जुने फोटो गेले होते. मी तसं सांगितलं. “असू दे, असू दे,” म्हणाले.

ज्या सेंटरकडून मी पेशंटच्या घरी जाते, तिथे प्रत्येक पेशंटचा एक कागद असतो. त्यावर रोजच्या कामांचे रकाने. जमत नसेल तर शून्य, मदतीने जमत असेल तर एक, स्वतःचं स्वतः जमत असेल तर दोन. जेवण, आंघोळ, कपडे, केस, पलंगावरून उठणं, चहा, फोन लावणं. सगळीकडे दोन आले की केस बंद. हा कागद मला आवडतो. मला माणसांशी फार बोलता येत नाही. काय वाटतंय, कसं वाटतंय असं विचारायची वेळ आली की माझा आवाज बसतो. कागद असला की बोलायला काहीतरी असतं.

कागदात सगळं मावत नाही, हे उरणच्या मुकादमचाचांकडे कळलं होतं. त्यांना चहा नको होता, बटणं नको होती. “कपडे ही घालेल,” बायकोकडे बोट करून म्हणाले, “वुजू माझा मला करता आला पाहिजे.” नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायचे, तेही ठरलेल्या क्रमाने. माझ्या कागदावर तो रकाना नव्हता. चाचींनी मला क्रम शिकवला. आम्ही उंच स्टुलावर तोटीचं पिंप ठेवलं, पाय वर घ्यायला बुटकी चौकट केली. ते जमलं त्या दिवशी चाचांनी मला खजूर दिले. मी पेनाने खाली एक ओळ आखून तो रकाना वाढवला आणि दोन लिहिले. सेंटरच्या सरांनी तो खोडला.

आता चांगुणामावशींचं लिहिते. त्यासाठीच लिहायला बसले आहे, हे एव्हाना मला कळलंय.

चांगुणामावशी करावे गावातल्या. वय साठीच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उभा जन्म खाडीत चिखलात हात घालून चिंबोऱ्या आणि कोलंबी काढण्यात गेलेला. झटका आला तो उजव्या बाजूला. पाय लवकर सुधारला, हात राहिला. मुलगा पुण्याला. मुलगी वनिता उलव्याला, उरण रोडवरच्या एका वेअरहाऊसमध्ये माल तपासायच्या कामावर. झटक्यानंतर वनिताताई रोज सकाळी सातला स्कूटरवरून करावेला यायच्या. आईची आंघोळ, ब्लाऊजचे हुक, वेणी-अंबाडा, दोन भाकऱ्या. मग आल्या वाटेने परत, उलवे ओलांडून पुढे कामावर.

सुरुवातीचे काही दिवस मी सकाळचीच जात होते, घरच्यांना पद्धत दाखवायला. दोघींचं चालू असायचं.

“आई, मान सरळ धर ना. काय कोंबडीसारखी फिरवतेस.”

“तुजा हात राकट झालाय. बाप्याचा हात वाटतो.”

“दिवसभर खोके उचलते मी. मग घाल तूच आंबाडा.”

“मना आलं असतं तर तुना कशाला बोलावलं असतं? नवऱ्याला डबा दिलास, का आजबी वडापाव?”

“त्याला हात नाहीत काय डबा भरायला?”

“हात हायेत. डोकं नाय.”

दोघी हसायच्या. मी स्टुलावर कागद घेऊन बसलेली असायचे. एक गोष्ट मी बघितली होती. अंबाड्यात शेवटची पिन खोचून झाली की मावशी मान मागे टाकायच्या आणि डोकं मुलीच्या पोटाला टेकायचं. एक-दोन श्वास. मग वनिताताई “चल, उशीर होतोय” म्हणून बाजूला व्हायच्या.

झटक्याच्या आधी वनिताताई महिन्यातून एकदा-दोनदा यायच्या. भांडण नव्हतं. मध्ये खाडीवरचा पूल होता, दोन मुलांची शाळा होती, शिफ्ट होती. आईला काही लागत नव्हतं, म्हणून येणं होत नव्हतं.

पुढे मी मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता जायला लागले. चांगुणामावशी भराभर शिकल्या. चहा जमला, आंघोळ जमली, चमचा नको म्हणून डाव्या हाताने भात कालवून खायला लागल्या. उजव्या हाताची बोटंही उघडायला लागली. हुक आणि केस मात्र एकावरच अडले. दुसऱ्या हुकापर्यंत यायच्या, बोटं थरथरायची, हात मांडीवर पडायचा. “नाय व्हत, बाय.” मी पद्धती बदलून बघितल्या. मोठे हुक लावून आणले. चिकटपट्टीचा ब्लाऊज शिवून आणला, तर “ते मेलं टरटर वाजतं” म्हणून घातला नाही. मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडतेय. रात्री झोपताना मी स्वतः डोळे मिटून हुक लावून बघायचे.

एका मंगळवारी आधीचा पेशंट रद्द झाला आणि मी नऊलाच करावेला पोचले. वनिताताई निघून गेल्या होत्या. पुढच्या दाराला नुसती जाळी ओढलेली होती, म्हणून मी वळसा घालून मागे गेले. मागच्या पडवीत मावशी पाटावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या नाही, जरा तिरक्या. पुढ्यात कोलंबीचा टोप. डाव्या हातात कोलंबी धरून उजव्या हाताची दोन बोटं तिचं डोकं मोडत होती, साल ओढत होती, पाठीतला काळा दोरा चिमटीत धरून अखंड काढत होती. एकामागून एक. टोपातली अर्ध्याहून जास्त सोलून झाली होती.

ज्यांनी कोलंबी सोलली आहे त्यांना मी काय बघत होते ते कळेल. त्या दोऱ्यापुढे ब्लाऊजचा हुक म्हणजे काहीच नाही.

त्यांनी वर बघितलं. हात थांबला.

“कवा आलीस?”

“आत्ताच, मावशी.”

“आत ये. ऊन लागल.”

मी आत जाऊन उंबऱ्याशी बसले. मग त्यांनी पुढची कोलंबी उचलली आणि लपवण्यात अर्थ नाही अशी सोलली.

“हुक लावता येतात ना तुम्हाला?” मी विचारलं.

“येतात.”

“कधीपासून?”

“गनपती गेले तवापासून.”

“आणि अंबाडा?”

“त्यो जरा वाकडा व्हतो. पन व्हतो.”

“मग वनिताताईंना कशाला…”

“हुक लागत नाय म्हनून ती येते. लागले की कशाला येल?” त्यांनी हात पाण्यात बुडवून फडक्याला पुसले. दोन्ही हात, नीट, बोटाबोटांमधून. “लिवू नको, बाय. तुजं काय जातंय? एक लिवतेस ना? एकच लिव.”

मी म्हणाले, “बघते.” नको असलेल्या जागेतून बाहेर पडायला मी हाच शब्द वापरते.

त्या दिवशी कागदावर मी एकच लिहिला. खोटं लिहिल्याची माझी ती पहिली वेळ होती. शुक्रवारीही एकच लिहिला. मावशींनी जाताना माझ्या पिशवीत सोलून वाळवलेल्या कोलंबीची पुडी टाकली, मी नको म्हणत असताना.

पुढच्या आठवड्यात वनिताताईंचा फोन आला. मागे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते.

“मॅडम, दोन मिनिटं बोलू का? खरं खरं सांगा हां. आईला अजून किती दिवस लागतील?”

“का हो?”

“सुपरवायझरने शेवटचं सांगितलंय. आता एक लेटमार्क झाला की बसा घरी. मी सकाळी पाचला उठते मॅडम, मुलं झोपेत असतात. मला पण झेपत नाहीये आता. भाऊ बोलतो, पनवेलला एक सेंटर आहे, तिकडे ठेवू. आईला मी काहीच बोलले नाही. तिला गावाबाहेर ठेवली तर ती मरेल. पण तिला कपडेच घालता येत नाहीत, तर एकटी ठेवू कशी? तुम्ही सांगा, मी काय करू?”

मला काय म्हणता आलं असतं, ते मी नंतर पुष्कळदा मनात म्हणून बघितलं आहे. म्हणता आलं असतं, की त्यांना सगळं येतं, सेंटरची गरज नाही. पण तुम्ही अधूनमधून सकाळच्या जात राहा, हुकांसाठी नाही, त्यांना तुम्ही हव्या असता म्हणून. एवढंच. दोन-तीन वाक्यं. पण हे त्यांच्या घरातलं, आतलं होतं. मी बाहेरची. एका आईने मुलीपासून लपवलेली गोष्ट मी उघडी करायची, म्हणजे तिला खोटी पाडायची. असं तेव्हा वाटलं. खरं तर मला असलं काही बोलायची लाज वाटली.

मी म्हणाले, “येत्या शुक्रवारी शेवटची तपासणी करते. रिपोर्ट पाठवते.”

शुक्रवारी मी मावशींना पनवेलच्या सेंटरचं सांगितलं. त्या उठल्या, अंगातला ब्लाऊज काढून खुर्चीत टेकून बसल्या, दुखऱ्या हाताची बाही आधी चढवली आणि खालून वर एकेक हुक लावत गेल्या. न थांबता. केस सोडले, विंचरले, अंबाडा घातला. तो वाकडा झाला नव्हता.

“लिव,” म्हणाल्या.

सगळे रकाने दोन. रिपोर्टचा फोटो मी वनिताताईंना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला आणि त्या रडत होत्या. “थँक यू मॅडम. तुम्ही वाचवलंत आम्हाला.” संध्याकाळी त्यांनी आमच्या सेंटरवर पेढ्यांचा बॉक्स पोचवला. सरांनी मीटिंगमध्ये ती केस सगळ्यांना दाखवली. मी पेढा खाल्ला. मला अभिमान वाटला, तो लपवत नाही. ती हुकांवर अडलेली केस मी सोडवली होती असंच सगळे समजत होते, आणि मीही समजू दिलं.

तीन महिन्यांनी आम्ही एकदा जाऊन बघतो. शिकलेलं टिकलंय का, हात पुन्हा आखडला तर नाही ना. मी सकाळी साडेदहाला करावेला गेले. घर लखलखीत होतं. पडवी धुतलेली, भांडी पालथी. मावशींच्या ब्लाऊजचे सगळे हुक लावलेले होते.

“ये बाय,” त्या म्हणाल्या. आवाज खरखरीत होता. घसा साफ करून त्यांना पुन्हा बोलावं लागलं. त्या दिवसातला तो पहिला शब्द होता हे माझ्या लक्षात आलं.

“वनिताताई कशा आहेत?”

“बरी हाय. शिफ्ट बदलली तिची. सकाली सातची झाली.”

“येतात ना?”

“रविवारी येते.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “दोन रविवार नाय आली. पोराची परीक्षा हाय.”

मी कागद काढला. चहा केला त्यांनी, मलाही दिला. बटाटा चिरून दाखवला, पाटाच्या खिळ्यांची गरजच पडली नाही. पलंगावरून उठल्या, बसल्या. सगळं भरभर, शाळेतल्या मुलीने पाठ म्हणून दाखवावा तसं. आधी त्या प्रत्येक गोष्टीत माझी टिंगल करायच्या. आज एकदाही केली नाही.

“मावशी, मी तेव्हा लिहिलं ते…”

“बरोबर लिवलंस. पोरीची नोकरी राहिली. मी माज्या घरात हाय.” कप विसळून त्यांनी पालथा घातला. “आनखी काय काय हाय तुज्या कागदात?”

शेवटचा रकाना फोनचा होता. त्यांच्या मोबाईलमध्ये वनिताताईंचा फोटो दाबला की फोन लागतो, असं मीच लावून दिलं होतं. तीन महिने मनात घोळवलेली वाक्यं आता म्हणायची असं ठरवून मी आले होते. ती तशी निघाली नाहीत.

“फोन लावायचाच आहे, तर वनिताताईंना लावा. आणि म्हणा ना, ये म्हणून.”

“काय कारन सांगू?”

“कारण कशाला हवं? आठवण येते म्हणा.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्याने फोटो दाबला आणि स्पीकर सुरू केला, तोही मीच शिकवला होता. दोनदा रिंग वाजली.

“आई? काय झालं? पडलीस का?”

“नाय.”

“मग? बरं नाही का? गोळ्या घेतल्यास?”

“घेतल्या.”

“मग काय झालं? बोल पटकन, गाडी लागलीये इकडे.”

मावशींचं तोंड उघडलं. मी मान हलवली, बोला, बोला अशी. पलीकडे कोणीतरी नंबर ओरडून सांगत होतं. वनिताताई तिकडे “हां, थांबा!” म्हणाल्या आणि परत फोनवर आल्या.

“आई?”

“काय नाय ग. मास्तरीन आलीय, फोन लावता येतो का बघते. येतो मना. जेवलीस का?”

“आत्ता साडेदहाला? आई, खरंच काही नाही ना?”

“काय नाय. बरी हाय मी. ठेव.”

फोन बंद झाला. मावशींनी तो उशीखाली ठेवला, पुन्हा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“बराबर लावला ना?”

“हो, मावशी.”

मी फोनच्या रकान्यात दोन लिहिले.